वाचनालयाचे तीन कन्सोल : कामाच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. ऐरोली.

सोसायटीच्या वाचनालयात दिवाळीच्या सुट्टीपासून मुलांसाठी खेळाचा कोपरा सुरू करायचं ठरलंय. कॅरम, बुद्धिबळ आहेच. त्यात लोकांनी माळ्यावरचे जुने व्हिडिओ गेम आणून दिले आणि "तू रबाळ्याला सर्किट बोर्ड तपासतेस ना, मग बघ की जरा" म्हणून सगळं माझ्या टेबलावर आलं. मी हो म्हटलं. हाताशी वेळ म्हणजे रविवार आणि एखादी सणाची सुट्टी.

प्लेस्टेशन २, जुनं जाडं मॉडेल, ३९००० मालिकेतलं. ए विंगमधल्या काकांनी दिलं. त्यांच्या मुलाचं होतं, तो आता परदेशी असतो. "चालतं, पण तापलं की अडकतं." सोबत बुटांच्या खोक्यात भरलेल्या डिस्क. 'चिप मारलेलं' आहे, म्हणजे नकली डिस्कही चालाव्यात म्हणून आत जादा चिप बसवलेली, एवढं काकांना आठवतं. कोणती चिप, कुणी मारली, ते नाही.

पीएसपी-१०००, हातात धरून खेळायचा कन्सोल. बी विंगमधल्या वहिनींकडे त्यांच्या भावाचा राहून गेलेला. तक्रार चमत्कारिक आहे: बॅटरी घातली की बटण न दाबताच हिरवा दिवा लागतो, पडदा मात्र काळा.

निन्टेन्डो स्विच. सी विंगमधल्या, अकरावीतल्या मुलाचा. मे महिन्यापासून पूर्ण बंद. दुकानदार म्हणाला, "बोर्ड गेला, पैसे घालू नका." मुलाने माझ्या हातात देताना त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही.

तिन्ही यंत्रं कधी ना कधी कुणीतरी आतून बदललेली आहेत आणि काय बदललं याचा एक चिठोराही कुणाकडे नाही. आमच्या कारखान्यात बोर्डावर एक जम्पर वायर टाकली तरी तिची नोंद बोर्डासोबत पुढे जाते. ती नसली तर पुढचा तपासणारा अख्खा दिवस आंधळ्यासारखा चाचपडतो. म्हणून या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून.

२५ सप्टेंबर, बुधवार

झोडपणारा पाऊस. रबाळ्याहून ऐरोली एकच स्टेशन, तरी घरी यायला नऊ वाजले. काम शून्य. तिन्ही कन्सोल खिडकीपासून हलवून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले.

२९ सप्टेंबर, रविवार

आज पीएसपी. मागचं बॅटरीचं झाकण एका बाजूने उचललेलं होतं. ते सरकवलं आणि हात थांबला. बॅटरी फुगलेली. सपाट वडीसारखी असायला हवी ती पुरीसारखी वर आली होती, वरचं लेबल ताणून चकचकीत झालेलं.

अशी बॅटरी कशाने उचकटायची नाही. लिथियम सेलमध्ये दोन ध्रुवांच्या मध्ये कागदाहून पातळ पडदा असतो. टोकदार वस्तू घुसली, पडदा फाटला, की सेल आतल्या आतच शॉर्ट होतो आणि स्वतःच्याच ऊर्जेने तापत जातो. पंखा बंद केला, स्क्रूड्रायव्हर दूर सारले, आईला स्वयंपाकघरातच थांबायला सांगितलं. कन्सोल तळहातावर उलटा धरला आणि कडेला प्लास्टिकची पट्टी नुसती टेकवली. दोन-तीन मिनिटांनी बॅटरी स्वतःच्या वजनानेच सुटली. संपर्कपट्ट्यांवर टेप लावून ती कोरड्या वाळूच्या स्टीलच्या डब्यात, बाल्कनीत ठेवली. ई-कचरा गोळा करणाऱ्यांना द्यायची. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती घरच्या कचऱ्यात टाकायची नसतेच.

वाळूत ठेवण्याआधी भिंगाखाली नीट पाहिली होती. कवचाच्या जोडावर उचकटल्याच्या खुणा, त्यावर पिवळी पडलेली टेप. तेव्हा हिरव्या दिव्याचा उलगडा झाला. ही पँडोरा बॅटरी.

२००७ मध्ये पीएसपीवर काम करणाऱ्यांना कळलं की हा कन्सोल सुरू होताना बॅटरीला तिचा अनुक्रमांक विचारतो. उत्तरात सगळे 'एफ' आले की तो सेवा-केंद्रातल्या दुरुस्तीच्या अवस्थेत जातो आणि स्वतःच्या मेमरीऐवजी मेमरी स्टिकवरून सुरू होतो. घरगुती उपाय म्हणजे बॅटरीचं कवच फोडायचं आणि आतल्या छोट्या चिपचा एक पाय बोर्डापासून उचलायचा. मग अनुक्रमांक वाचताच येत नाही आणि उत्तर सगळे 'एफ' असंच जातं. अर्धवट अपडेटमुळे मेलेले कितीतरी पीएसपी या युक्तीने जिवंत झाले, आणि ते काम मला मनापासून आवडतं. पण अशी बॅटरी घातली की कन्सोल आपोआप सुरू होतो, आणि खास तयार केलेली मेमरी स्टिक नसेल तर पडदा काळाच राहतो. वहिनी सांगत होत्या ते अक्षरशः हेच.

बॅटरीशिवाय, नुसत्या ५ व्होल्टच्या अडॅप्टरवर लावून पाहिला. लगेच चालू. सिस्टीमच्या माहितीत ५.०० एम३३, म्हणजे बदललेलं फर्मवेअर, यंत्र चालवणारा आतला प्रोग्रॅम. यंत्रात बिघाड नव्हताच.

नवी बॅटरी घ्यायची नाही असं ठरवलं. मूळ बॅटरी १८०० मिलीअँपिअर-तासांची. बाजारात त्याच आकाराच्या बॅटऱ्यांवर दुप्पट आकडा छापलेला दिसतो. त्या आकड्याच्या भरवशावर मी ती आठवीतल्या पोराच्या हातात देणार नाही. पीएसपी वाचनालयात फक्त अडॅप्टरवर चालेल, बॅटरीची जागा रिकामी.

२ ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंतीची सुट्टी. प्लेस्टेशन उघडलं. स्विचवाला मुलगा बघायला आला. "ताई, मी स्क्रू काढू?" म्हणाला. काढू दिले, पण आधी वायर भिंतीतून काढून त्याच्याच हातात दिली. या जाड्या मॉडेलचा पॉवर सप्लाय आतच असतो. घरातली २३० व्होल्टची वीज डीसी होऊन मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते तेव्हा ती सुमारे ३२५ व्होल्ट भरते, आणि वायर काढली म्हणून त्याच क्षणी जात नाही. पाच मिनिटं थांबलो, मग मल्टिमीटरची टोकं लावली: १९ व्होल्ट. पुन्हा थांबलो. ६ झाले तेव्हा त्याला हात लावू दिला. घरी पीएस ४ उघडायचा त्याचा बेत होता. त्याचाही पॉवर सप्लाय आतच असतो हे त्याला आज कळलं. हे सांगितलं म्हणून तो घाबरून लांब झाला नाही. उलट मीटर धरायला मागू लागला.

आत वीस वर्षांची धूळ, नमदा झालेली. ती ब्रशने काढल्यावर चिप दिसली: नखाएवढा हिरवा बोर्ड, दुहेरी टेपने चिकटवलेला, त्यातून केसासारख्या बारीक वायरी मुख्य बोर्डावरच्या चिपांच्या पायांकडे गेलेल्या. सोल्डरिंग हाताला सवय असलेल्या माणसाचं आहे. घाई मात्र दिसते. एक निळी वायर पत्र्याच्या शिल्डच्या कडेवरून नेली आहे. पत्र्याची ती कड धारदार असते. झाकण लागलं की वायर दबते, कन्सोल तापला-निवला की पत्रा किंचित हलतो. इतक्या वर्षांत त्या जागी वायरीचं आवरण कापलं गेलंय आणि भिंगाखाली तांब्याचा एक ठिपका चमकतो. 'तापलं की अडकतं' त्याचं कारण हेच.

मुलगा बराच वेळ भिंगातून बघत होता. मग त्याने विचारलं, "ज्याने चिप बसवली त्याला हे कधी कळलं असेल का?" कसं कळणार? त्याच्याकडून निघाला तेव्हा कन्सोल उत्तम चालत होता.

खोक्यातल्या डिस्क मोजल्या. मार्करने नाव लिहिलेल्या ५४, मूळ ५. मूळ पाचांत २००९ साली हैदराबादेत तयार झालेला हनुमानाचा खेळही आहे. ओरखडे आहेत, चालेल असं वाटतं.

५ ऑक्टोबर, शनिवार

संध्याकाळी कमिटीची बैठक. सेक्रेटरी काकांनी दोन गोष्टी मांडल्या. एक, स्विच दुरुस्त झाला तर 'पाचशे गेमवालं कार्ड' घालून घ्यावं, पोरं खूश होतील. दोन, अर्ध्या तासाला दहा रुपये घ्यावेत, विजेचा खर्च निघेल. काकांचा हेतू वाईट नाही. वाचनालयाचे पंखे त्यांनीच स्वतःच्या पैशातून बसवलेत. मी मात्र दोन्हीला नाही म्हटलं, आणि नाही का, ते सांगायला कायद्याचा मजकूर घेऊनच गेले होते.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५ अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने नक्कल रोखणारं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. प्रोग्रॅमची बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरली तर कलम ६३ ब. त्यात किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. लाभासाठी वापरली नसेल तर कोर्ट सौम्य होऊ शकतं, पण मुलांच्या वाचनालयाने त्या आशेवर कशाला राहायचं?

मला महत्त्वाची वाटते ती मात्र वेगळी तरतूद. त्याच कायद्याच्या व्याख्यांमध्ये 'व्यापारी भाडं' म्हणजे काय ते सांगताना म्हटलंय की नफा न कमावणाऱ्या वाचनालयाने, नफ्यासाठी नव्हे अशा कामाकरता, कायदेशीर मिळवलेली प्रोग्रॅमची प्रत वापरायला दिली तर ते व्यापारी भाडं धरायचं नाही. म्हणजे वाचनालयाला सवलत आहे. तिच्या अटी दोन: प्रत रीतसर हवी आणि धंदा नको. पाचशे गेमचं कार्ड पहिली अट मोडतं, दहा रुपये दुसरी.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पाच डिस्कवर मुलं थांबतील का?" खरा प्रश्न होता. ग्रंथपाल बाईंनीच उत्तर दिलं, "पुस्तकंही आपण झेरॉक्स काढून वाढवत नाही हो. देणगी मागू." विजेचं पाहू, म्हणून काकांनी विषय मिटवला.

बैठकीनंतर बाईंना ६५ अ मधली आणखी एक ओळ दाखवली. कायद्यात स्पष्ट मनाई नसलेल्या कामासाठी कुलूप उघडलं तर गुन्हा नाही. पण असं कुलूप दुसऱ्याला उघडून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा सगळा तपशील आणि कशासाठी उघडलं ते कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची. बाई आयुष्यभर दाखल रजिस्टर भरत आल्यात. त्यांनी कपाटातून एक कोरं लांब रजिस्टर काढलं आणि तिथल्या तिथे पट्टीने रकाने आखले: वस्तू, देणारा, पूर्वी कोणी उघडलं, काय बदललं, आपण काय केलं, का, तारीख. 'पूर्वी कोणी उघडलं' हा रकाना त्यांनीच सुचवला.

६ ऑक्टोबर, रविवार

स्विच. चार्जरला लावला, काही नाही. बटण बारा सेकंद दाबलं, काही नाही. मग यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडला आणि उपकरणांच्या यादीत एक नवं नाव उमटलं: एपीएक्स.

बोर्ड गेलेला कन्सोल स्वतःचं नाव सांगत नाही. एपीएक्स म्हणजे आतला टेग्रा प्रोसेसर जागा आहे आणि रिकव्हरीच्या अवस्थेत, म्हणजे आरसीएममध्ये बसलाय.

स्विच मार्च २०१७ मध्ये आला. सुरुवातीच्या यंत्रांच्या चिपमध्ये एक चूक कायमची कोरली गेली होती: रिकव्हरीच्या अवस्थेत यूएसबीवरून आलेल्या मागणीची लांबी तपासलीच जात नव्हती. केट टेमकिन या संशोधिकेने ती आधी चिप बनवणाऱ्या एन्व्हिडियाला कळवली आणि एप्रिल २०१८ मध्ये ती जगासमोर आली. हा भाग कारखान्यातच गोठवलेला असतो, त्यामुळे विकलेल्या यंत्रांत तो अपडेटने दुरुस्त होऊ शकत नाही. पुढे तयार होणाऱ्या यंत्रांतच बदल करावा लागला. या मुलाचा स्विच त्या पहिल्या खेपेतला. तो आतून बदलून देणाऱ्या दुकानदाराला सोल्डरिंगही करावं लागलं नसणार.

त्याने एक जास्तीची गोष्ट केली होती. आरसीएममध्ये जाण्यासाठी दर वेळी पिन जोडायची कटकट नको म्हणून कन्सोलच्या सुरुवातीच्या मेमरीत जाणूनबुजून बिघाड घातला, म्हणजे तो प्रत्येक वेळी थेट आरसीएममध्येच जातो. याला ऑटो-आरसीएम म्हणतात. या अवस्थेत पडदा पूर्ण काळा असतो, त्यामुळे यंत्र चालू आहे हे कळत नाही आणि बॅटरी उतरत राहते. पूर्ण उतरली की आरसीएममध्ये चार्जिंग इतकं मंद होतं की काहीच होत नाही असं वाटतं. परीक्षेच्या दिवसांत मुलाने स्विच कपाटात ठेवला, मेमध्ये काढला तेव्हा 'मेलेला'. ज्या दुकानाने हे केलं त्याच दुकानाने बोर्ड गेल्याचं सांगितलं. स्वतः काय बदललंय हे तिथल्या माणसाला आठवलं नाही, की आठवून सांगितलं नाही, ते मला कळायचा मार्ग नाही. पण त्या एका वाक्यावर हा कन्सोल कचऱ्यात गेला असता. लिहितानाही संताप येतोय.

सात तास चार्जरला. रात्री साडेदहाला बूटलोडरचा, म्हणजे सिस्टीमच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, मेनू पडद्यावर आला. बॅटरी ३ टक्के. रात्रभर मेनूवरूनच चार्ज.

७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी ८८ टक्के. पुढचं काहीही मुलाच्या वडिलांना विचारल्याशिवाय करायचं नाही. त्यांना फोन केला, रविवारी येतो म्हणाले.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.

हत्यारांची पूजा: सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, चिमटे, भिंग. झेंडूच्या दोन पाकळ्या मीटरच्या डायलमध्ये अडकल्या, त्या चिमट्याने काढल्या. आज काम नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

बापलेक दोघे आले. आधी रजिस्टरमध्ये वडिलांचं नाव, फ्लॅट नंबर आणि कारण लिहिलं: "मूळ मेमरीची प्रत घेणे व कन्सोल पूर्ववत करणे." त्यांनी सही केली.

मग बॅकअप. कन्सोलच्या ३२ जीबी मेमरीत सुरुवातीचे दोन छोटे विभाग असतात, चार-चार एमबीचे, आणि मग २९.१ जीबीचा मोठा. ६४ जीबीचं स्वच्छ कार्ड घातलं. तिन्हींची प्रत घेतली, प्रत मुळाशी ताडून पाहिली. एखादा सोपाही बदल करण्याआधी करायचं काम ते हे, आणि दुकानात ते झालंच नव्हतं. प्रत नसताना मोठा विभाग बिघडला तर त्या कन्सोलची स्वतःची ओळखपत्रं जातात. ती त्या एकाच यंत्राची असतात, दुसऱ्याची उसनी घेता येत नाहीत. म्हणूनच ही प्रत मी माझ्याकडे ठेवली नाही. कार्ड पाकिटात घालून वडिलांच्या हातात दिलं आणि सांगितलं की यातलं कुणालाही पाठवू नका, दुरुस्तीवाल्यालाही नाही.

प्रत चालू असताना मुलाने विचारलं, "माझे सेव्ह आहेत का?" स्विचमध्ये खेळाची प्रगती कार्डवर नसते, कन्सोलच्याच मेमरीत असते. म्हणजे होते. ऑटो-आरसीएम काढून मूळ सिस्टीम सुरू केली तेव्हा त्याने पहिलं तेच उघडून बघितलं. एकशे ऐंशी तासांचा खेळ. तो काही बोलला नाही, वडिलांकडे वळून फक्त पडदा दाखवला.

वाईट बातमीही त्याच बैठकीत सांगावी लागली. इंटरनेटला जोडल्यावर २१२४-४००७ हा आकडा येतो. म्हणजे कंपनीने या यंत्राला ऑनलाइन सेवेतून काढलंय, आणि ते यंत्रालाच चिकटलेलं असतं. नवं खातं काढून सुटत नाही, मलाही काढता येत नाही. स्वतःच्या कार्ट्रिजवरचे खेळ ऑफलाइन चालतील. क्लाउडवर सेव्ह ठेवता येणार नाहीत, म्हणजे हे बॅकअप कार्ड हीच त्याची एकमेव दुसरी प्रत. दुकानात पैसे देताना यातलं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. "सगळे गेम फुकट" एवढंच सांगितलं होतं.

इथे मुलगा माझ्याशी भांडला, आणि मला ते बरं वाटलं. "कन्सोल आपला, पैसे आपण दिले, मग कंपनी कोण सांगणार?" निम्मं मला मान्य आहे, तसं त्याला सांगितलं. प्लेस्टेशन ३ विकला तेव्हा त्यात लिनक्स बसवायची सोय होती. अमेरिकन वायुदलाच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये १,७६० प्लेस्टेशन ३ जोडून महासंगणक उभारला. त्याच वर्षी एप्रिलच्या ३.२१ अपडेटने कंपनीने ती सोय काढून घेतली. लोकांनी पैसे देऊन घेतलेली वस्तू घरात येऊन छोटी झाली. अशा वेळी कुलूप उघडणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. अमेरिकेतही ऑक्टोबर २०२१ मध्ये कन्सोलचा डिस्क ड्राइव्ह बदलण्यापुरती कुलूप उघडायची सूट मिळाली, पण दुरुस्ती झाल्यावर कुलूप पुन्हा लावायच्या अटीवर. मला ती अट समजूतदारपणाची वाटते.

मग त्याने गॅरी बाउझरचं नाव काढलं. कन्सोलची कुलपं तोडायची साधनं विकणाऱ्या टीम एक्झेक्युटर या गटातला माणूस, फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची शिक्षा झाली. फौजदारी खटल्यात ४५ लाख डॉलर भरपाई, दिवाणी दाव्यात आणखी १ कोटी. आयुष्यभर फिटणार नाही इतकी रक्कम, आणि ती मलाही जाचक वाटते. पण स्विचमधली ती चूक शोधून आधी चिप बनवणाऱ्यांना कळवणारी संशोधिका आणि तिच्यासारख्या शोधांवर फुकट खेळांचं दुकान मांडणारा गट या दोघांना मी एका रांगेत बसवू शकत नाही. मुलगा म्हणाला, "दुकानदार पण दुसऱ्याच रांगेत." वडील म्हणाले, "आणि मी? पैसे तर मीच दिले." त्यावर मी काही बोलले नाही.

दुकानाने भरून दिलेलं गेमचं कार्ड त्यांनाच परत दिलं. मी त्यातलं काही उघडलं नाही, कुणाला कॉपी करून दिलं नाही. स्विच वाचनालयाचा राहिला नाही, मुलाचा मुलाकडे गेला. बाईंनी रजिस्टरमध्ये 'परत' लिहिलं.

२० ऑक्टोबर, रविवार

प्लेस्टेशनची चिप काढली. नुसती निळी वायर बदलून चाललं असतं, पण या चिपबद्दल कुणालाच काही माहीत नाही आणि वाचनालयाला तिचा उपयोगही नाही. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं, त्यामुळे आज मुलाला जवळ बसवलं नाही. खिडकी उघडी, काम संपेपर्यंत चहा नाही, नंतर टेबल ओल्या फडक्याने पुसलं, हात साबणाने दोनदा.

शेवटून तिसऱ्या वायरीला चूक झाली. सोल्डर पूर्ण वितळण्याआधी चिमटा ओढला आणि वायरीबरोबर बोर्डावरचं तांब्याचं पॅड सुटून आलं. तिळाएवढा तुकडा, वायरीच्या टोकाला लोंबत होता. अर्धा तास हात लावला नाही. मग त्या पॅडकडे येणारी रेघ शोधली, पात्याने वरचा हिरवा थर खरवडला, एक धागा वायर टाकून सांधा जोडला, वरून लाखेचा थेंब. कंटिन्युइटी, म्हणजे जोड अखंड आहे का ते, तपासली, बरोबर. तीन तास सलग चालवलं, अडकलं नाही.

ही चूक रजिस्टरमध्ये लिहिली, जागेच्या छोट्या आकृतीसकट. झाकणाच्या आतल्या बाजूलाही कागद चिकटवला: चिप कोणत्या तारखेला काढली, कुठलं पॅड गेलं, कुठे वायर टाकली. चिप छोट्या पाकिटात घालून रजिस्टरच्या पानाला लावली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

लेन्स साफ केली. पाचपैकी चार डिस्क चालतात. हनुमानाचा खेळ चालतो, एका टप्प्यावर जरा थांबून. पीएस २ च्या डिस्कची प्रत साध्या संगणकाच्या ड्राइव्हने निघते, त्यासाठी कुठलं कुलूप उघडावं लागत नाही, आणि आपल्या रीतसर प्रतीचा नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप ठेवायला कलम ५२ परवानगी देतं. एक प्रत काढून बाईंच्या कपाटात. मार्करवाल्या ५४ डिस्क काकांना विचारून ई-कचऱ्यात, वाळूच्या डब्यातली बॅटरीही त्याच माणसाकडे.

२७ ऑक्टोबर, रविवार

कोपरा सुरू. प्लेस्टेशनच्या प्लगसाठी वेगळा, अर्थिंग तपासलेला सॉकेट. मागच्या जाळीला चार बोटं जागा सोडून फळी ठोकली. पीएसपी अडॅप्टरवर, त्याच्या खेळाची एक यूएमडी, म्हणजे छोटी डिस्क, देणगीत आली. फी नाही. सेक्रेटरी काका दोन कंट्रोलर घेऊन आले, मूळ, बॉक्ससकट.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.

दुपारी वहिनी भावाला घेऊन वाचनालयात आल्या. पुण्याहून ओवाळून घ्यायला आलेला, पीएसपी बघायचाच म्हणून हट्टाने आला. बॅटरीची रिकामी जागा आणि तिथली चिठ्ठी वाचून तो हसला आणि म्हणाला, "ती मीच केली होती. २००८. हॉस्टेलच्या खोलीत, ब्लेडने." त्या एका बॅटरीने त्याने मित्रांचे अकरा पीएसपी जिवंत केले होते. नेहमीच्या बॅटरीशी गल्लत होऊ नये म्हणून तिच्यावर बहिणीच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. मी सांगितलं की मला ठिपका दिसला नाही. पुसला गेला असणार. ती फुगली होती हे ऐकल्यावर त्याने पटकन मागे वळून बहिणीकडे पाहिलं. सोळा वर्षं ती तिच्या कपड्यांच्या कपाटात होती.

बाईंनी रजिस्टर उघडलं. पीएसपीच्या ओळीत 'पूर्वी कोणी उघडलं' या रकान्यात त्यांनी पेन्सिलीने 'माहीत नाही' लिहिलं होतं. ते खोडून पेन त्याच्या हातात दिलं. त्याने नाव लिहिलं, साल लिहिलं आणि शेजारच्या रकान्यात, जागा पुरेना म्हणून बारीक अक्षरात, चिपचा कोणता पाय उचलला होता ते.

प्लेस्टेशनच्या ओळीत तो रकाना अजून पेन्सिलीतच आहे.